दोन पुरुषांच्या प्रेमाची फॅनफिक लिहायला बसताय? साचे कसे ओळखायचे आणि गोष्ट खरी कशी करायची

मी गेली नऊ वर्षं फॅनफिक, म्हणजे आवडत्या पुस्तकातल्या किंवा मालिकेतल्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहितोय आणि त्यातली चार-पाच वर्षं नवीन लिहिणाऱ्यांच्या फिक्स पोस्ट व्हायच्या आधी वाचून देतोय, म्हणजे बीटा करतोय. मी स्वतः गे आहे, हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्या जागेवरून लिहिलंय. आणि हेही सांगतो की गे असूनसुद्धा माझी पहिली फिक साच्यांनीच भरलेली होती. एकोणीस वर्षांचा होतो, सांगलीकडून पुण्यात हॉस्टेलला आलो होतो, आणि 'हा माणूस गे आहे' असं माहीत असलेला एकही माणूस तोपर्यंत मला प्रत्यक्ष भेटला नव्हता. प्रेम कसं करतात ते मी रात्री पांघरुणात मोबाईलवर इंग्रजी फिक्स वाचून शिकलो होतो. मग लिहिताना तेच उतरलं. एक उंच, श्रीमंत, कमी बोलणारा, मालकी गाजवणारा आणि दुसरा बुटका, गोरा, मोठ्या डोळ्यांचा, सारखा लाजणारा नाहीतर रडणारा.

त्या फिकवर एका अनोळखी वाचकाने कमेंट केली की यातल्या दुसऱ्या मुलाच्या जागी मुलगी टाकली तर गोष्टीत काही बदलेल का. दोन दिवस मी चिडलेला होतो, तिसऱ्या दिवशी फाईल उघडून खरंच तसं करून बघितलं. 'आला'चं 'आली' केलं, 'म्हणाला'चं 'म्हणाली' केलं, बाकी एक शब्द हलवावा लागला नाही. मुलगी म्हणूनसुद्धा ती कोणाला आवडली नसती हा भाग वेगळाच.

तेव्हा मला कळलं ते असं की हे साचे आयुष्यातून येत नाहीत, ते आधीच्या फिक्समधून येतात. आपण वाचतो, तसंच लिहितो, ते वाचून पुढचा लिहितो. त्यामुळे तुम्ही बाई आहात की पुरुष, गे आहात की नाही, याने फारसा फरक पडत नाही. लिहिणाऱ्यांत बायका पहिल्यापासून खूप आहेत आणि त्यांनीच ही वाट पाडली. १९७४ मध्ये 'ग्रुप' नावाच्या चाहत्यांनी काढलेल्या छोट्या मासिकात डायन मर्चंट यांनी 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतल्या कर्क आणि स्पॉकवर एक छोटी गोष्ट छापली, त्यात दोघांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत इतकं जपून लिहिलंय, आणि तीच छापलेली पहिली स्लॅश, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाची फॅनफिक मानतात. दोन नावांच्या मधे मारतात त्या तिरप्या रेघेमुळे स्लॅश हे नाव पडलं. तिकडे जपानमध्ये यावोई म्हणून असंच लिखाण वाढत होतं, आणि १९९२ मध्ये मासाकी सातो नावाच्या गे कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी मासिकात उघड तक्रार केली की या गोष्टींमधल्या सुंदर पोरांचा आमच्यासारख्या खऱ्या माणसांशी संबंधच नाही. त्यावर पुढे काही वर्षं वाद चालला. म्हणजे तुम्हाला उद्या कोणी अशी कमेंट केली तर ती भांडणं खूप जुनी आहेत, घाबरून लिहिणं सोडू नका. एवढंच लक्षात ठेवा की ज्यांच्याबद्दल लिहिताय ते पण वाचतायत, आणि त्यातले बरेच एकोणीस वर्षांचे, हॉस्टेलमधले, एकटे आहेत.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

- मूळ गोष्ट म्हणजे कॅनन, पुन्हा एकदा वाचलेली किंवा बघितलेली. आठवणीवर लिहू नका.
- एक पानाची टाचणवही: साल, शहर, दोघांचं वय, काम, घरी कोण कोण, कोणाला काय माहितीये.
- गे पुरुषांनी स्वतः लिहिलेलं किंवा सांगितलेलं काहीतरी, फिक सोडून. मराठीत बिंदुमाधव खिरे यांनी बरंच लिहिलंय, पुण्यातली समपथिक ट्रस्ट त्यांनीच सुरू केली. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' मासिक काढलं, त्याचे जुने अंक मिळाले तर जरूर वाचा.
- दोन बीटा वाचक. एक भाषेसाठी, एक खरेपणासाठी. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली की दोन्ही अर्धवट होतात.
- पोस्ट करायला अकाउंट. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे आपलं एओथ्री, ही फॅनफिकची वेबसाइट फुकट आहे पण अकाउंटसाठी आमंत्रणाची रांग असते, तेव्हा फिक पूर्ण व्हायची वाट न बघता आधीच नाव टाकून ठेवा. भाषांच्या यादीत मराठी आहे, ती निवडा म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

उदाहरणाला मी सगळीकडे होम्स आणि वॉटसन घेतोय, कारण ते सगळ्यांना माहितीयेत आणि या दोघांवर लोक कुठल्याही काळात, कुठल्याही गावात लिहितात.

१. तुमच्या गोष्टीत कुठले साचे शिरलेत ते आधी शोधा

सगळ्यात मोठा साचा म्हणजे 'यातला नवरा कोण आणि बायको कोण'. जपानी कॉमिक्समध्ये त्याला सेमे आणि उके म्हणतात, पुढाकार घेणारा आणि घेऊन घेणारा, आणि एकदा हे ठरलं की मग उंची, आवाज, पगार, स्वयंपाक कोण करतो, थंडीत जॅकेट कोण कोणाला देतो सगळं त्याच्याच मागे जातं. वॉटसन हा अफगाणिस्तानच्या लढाईतून गोळी खाऊन परत आलेला लष्करी डॉक्टर आहे, रिव्हॉल्व्हर बाळगतो. फिक्समध्ये मात्र तो दार वाजलं तरी दचकतो. असं झालं की समजायचं पात्र हरवलं आणि साचा उरला. नाजूक पुरुष लिहूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, बायकी चालीचे, हात हलवून बोलणारे, नटायला आवडणारे पुरुष आहेत, माझे जवळचे मित्र आहेत आणि ते माझ्या ओळखीतले सगळ्यात धाडसी लोक आहेत, कारण त्यांना लपायची सोयच नव्हती, शाळेपासून रोज 'बायल्या' ऐकत मोठे झालेत. तसं पात्र लिहायचं तर ते धाडस पण लिहा ना.

दुसरा साचा, 'मी गे नाही, मला फक्त तू आवडतोस'. एखाद्याला खरंच एकाच पुरुषाबद्दल असं वाटू शकतं, पण फिकमध्ये हे वाक्य बहुतेक वेळा गे हा शब्द टाळायला येतं, आणि तो शब्द जड वाटणाऱ्या पोराने ते वाचलं की त्याला ते बरोबर कळतं. तुमचं पात्र बायसेक्शुअल असेल तर सरळ तसं लिहा. वॉटसनचं मेरी मॉर्स्टनशी लग्न होतं, त्याचं तिच्यावर प्रेम आहे, हे खोडायची काही गरज नाही.

तिसरा, मत्सर म्हणजे प्रेम. फोन तपासणं, मनगट धरून ओढत नेणं, 'तू फक्त माझा आहेस'. आणि त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे नको म्हणणाऱ्याला थोडा जोर केला की तो विरघळतो. हे लिहायचंच असेल तर ते काय आहे ते ओळखून लिहा आणि टॅग करा, रोमान्स म्हणून विकू नका.

बाकीचे पटकन सांगतो: कपड्यांचं कळतं आणि स्वतःचं काहीच नसतं असा गे मित्र, गावातले सगळेच गे, एकाच रात्रीत बदललेला बाप, आणि शेवटी दोघांपैकी एक मेलाच पाहिजे.

तपासायची युक्ती साधी आहे. एक संवाद घ्या, नावं झाकून मोठ्याने वाचा. कोण बोलतोय हे बोलण्यावरून कळतंय का? की फक्त 'उंच माणूस' आणि 'छोटा माणूस' असं लिहिलंय म्हणून कळतंय? दोघं एकाच आवाजात बोलत असतील तर तो संवाद परत लिहा.

२. साल आणि शहर पक्कं करा, मग कायदा बघा

हे नवीन लोक हमखास विसरतात आणि इथेच अर्धी गोष्ट फुकट मिळत असते. तेच दोघं तीन ठिकाणी ठेवून बघू.

लंडन, १८९५. दहा वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, इंग्लंडमध्ये एक कायदा झालाय ज्याच्यात दोन पुरुषांमधलं 'असभ्य वर्तन', अगदी बंद घरातलंसुद्धा, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे, कोर्टाने ठरवलं तर सक्तमजुरीसह. याच वर्षी मे महिन्यात लेखक ऑस्कर वाइल्डला त्यातली सगळ्यात कडक शिक्षा झाली आणि खटल्यात त्याची पत्रं वाचून दाखवली गेली. मग तुमचा होम्स वॉटसनला प्रेमपत्र लिहील का? पुराव्यावर ज्याचं पोट चालतं तो माणूस? लिहिलंच तर जाळेल, आणि ते जाळणं हाच तुमचा सीन आहे. त्या कायद्यामुळे ब्लॅकमेल करणाऱ्यांचं फावलं होतं आणि होम्सकडे ब्लॅकमेलच्या केसेस येतच असतात, तेव्हा प्लॉट कुठे शोधत बसायची पण गरज नाही.

लंडन, २०१५. लग्नाचा कायदा झालाय, इंग्लंडमध्ये मार्च २०१४ पासून दोन पुरुष लग्न करू शकतात. इथे लपवालपवीवर सगळी गोष्ट उभी केली तर कारण द्यावं लागेल. पण हिशोब करा, २०१५ मध्ये जो चाळीस वर्षांचा आहे त्याची शाळेची शेवटची वर्षं अशा काळात गेली ज्यात १९८८ च्या कलम २८ मुळे शिक्षक या विषयावर तोंड उघडायला घाबरायचे, आणि ते कलम इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत होतं. कायदा बदलला तरी तो माणूस तोच आहे. जुनी सवय म्हणून तो बाहेर पडताना हात सोडतो.

पुणे, २०१५. आता आपल्याकडे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ला दिल्ली हायकोर्टाने जुलै २००९ मध्ये बाजूला केलं होतं, पण ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते परत आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत ते होतं. म्हणजे २०१५ च्या पुण्यात तुमचे दोघं कागदावर गुन्हेगार आहेत. आणि तरीही २०११ पासून पुण्यात प्राइडची मिरवणूक निघतेय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि दोन्ही गोष्टीत यायला पाहिजे.

गोष्ट २०१८ नंतरची असेल तरी सगळं मोकळं झालं असं समजू नका. लग्नाचा हक्क सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला. त्यामुळे मुंबईतल्या दोघांचं कोर्ट मॅरेज लिहू नका. समारंभ होऊ शकतो, हार घालता येतात, कागद मिळत नाही. जॉइंट बँक अकाउंट उघडता येतं, अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. मूल दत्तक घ्यायची गोष्ट सगळ्यांना फार आवडते, पण आपल्याकडे जोडपं म्हणून दत्तक मिळत नाही, एकट्या पुरुषाला मिळू शकतं आणि त्याला मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि सरोगसीचा २०२१ चा कायदा अशा जोडप्याला दार बंदच करतो. तुमच्या फिकमध्ये गोड छोटी परी असेल तर ती कुठून आली ते आधी ठरवा. बहिणीची मुलगी असू शकते. मला वाटतं ती गोष्ट जास्त चांगली होईल.

आणि रक्तदान. २०१७ च्या नियमांप्रमाणे पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांना रक्त देता येत नाही. अपघाताच्या सीनमध्ये 'माझं रक्त घ्या' म्हणून पुढे होणारा हिरो दिसला की मी थांबतो. त्याच्या हातात प्रश्नांचा फॉर्म येतो आणि त्याला तिथे उभ्याउभ्या खोटं बोलायचं की नाही हे ठरवायचं असतं. तो खरा सीन आहे.

३. यांना जागा कुठे आहे ते ठरवा

भारतातली गोष्ट असेल तर माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. आपल्याकडे डेटिंग अॅपवर 'हाय' नंतरचा दुसरा किंवा तिसरा प्रश्न असतो, 'प्लेस आहे का?' इंग्रजी फिक्समध्ये दोघं डेटवरून येतात, किल्ली फिरवतात आणि आत जातात. आपल्याकडे किल्ली फिरवली की आत आजी सिरियल बघत असते.

टाचणवहीत लिहा: कोण कुठे राहतो, खोलीला कडी आहे का, बाथरूम कॉमन आहे का, रूममेट शनिवारी गावी जातो का, घरमालक खालीच राहतात का. हे लिहिलं की सीन आपोआप सुचायला लागतात. दोघांना आठवड्यातून एक रविवार दुपार मिळते कारण रूममेटची मॅच असते. एवढ्यावर मी एकदा अकरा हजार शब्द लिहिलेत.

पण इथे एक गंमत पण आहे जी बाहेरच्या फिक्स वाचून वाढलेल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे दोन पुरुष खांद्यावर हात टाकून, अगदी करंगळीत करंगळी अडकवून रस्त्याने चालले तरी कोणी बघत नाही. दोन मित्रांनी एका खोलीत राहणं, एका गाडीवर डबलसीट जाणं, एका ताटात जेवणं, लॉजवर एक रूम घेणं, यात कोणाला काही दिसत नाही. घरमालकांना तर मुलामुलीपेक्षा दोन पोरं बरी वाटतात. त्यामुळे 'त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर हात धरला' हा परदेशी फिकमधला सर्वात मोठा क्षण सातारच्या एसटी स्टँडवर काहीच नाही. तो क्षण इथे दुसरीकडे आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कोणालाच दिसत नाही, हे सुखही आहे आणि आतून खाणारं पण आहे. आई कौतुकाने म्हणते 'हा माझा दुसरा मुलगाच', आणि तो हसून पोळी वाढून घेतो.

शंका येते ती वयावरून. अठ्ठाविसाव्या वर्षी लोक विचारायला लागतात, एकतिसाव्या वर्षी विचारणं थांबवून एकमेकांकडे बघायला लागतात. म्हणून आपल्याकडच्या गोष्टीत व्हिलन म्हणून गुंडांची टोळी आणायची गरज पडत नाही, लग्नाचा विषय पुरतो. जागा मिळत नाही आणि स्थळं यायची थांबत नाहीत, या दोन्हीच्या मधे ही माणसं जगतात. आत्याने आणलेला फोटो, पत्रिका, कांदेपोहे, आणि शेजारच्या खोलीत 'मित्र' म्हणून जेवायला आलेला तो.

४. दोघं एकमेकांना काय म्हणतात?

इंग्रजीतून विचार केला की 'बेबी' आणि 'लव्ह' येतं आणि गोष्ट तिथेच परकी होते. मराठीत आपल्याकडे फार भारी हत्यार आहे, तू आणि तुम्ही. अॅपवर भेटलेला मोठा माणूस असेल तर लहान वयाचा आधी 'तुम्ही' म्हणतो, कधी 'दादा' म्हणतो आणि मग 'दादा नको म्हणू' असं समोरून येतं, त्यानंतर काही दिवस तो संबोधनच टाळून वाक्यं बनवत राहतो. 'जेवण झालं का?' 'निघालं का ऑफिसातून?' आणि मग एक दिवस तोंडातून 'आलास?' जातं. तुम्हाला स्लो बर्न, म्हणजे हळूहळू फुलत जाणारं प्रेम, लिहायचंय ना, हेच ते. होम्स आणि वॉटसन तर मूळ गोष्टींमध्ये एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. तुमच्या फिकमध्ये 'जॉन' पहिल्यांदा कधी येतं ते मोजून ठेवा, पहिल्या पानावर उधळू नका.

स्वतःला काय म्हणतात हे पण ठरवा. शहरातला, इंग्रजी येणारा पोरगा 'गे' म्हणेल. 'समलिंगी' छापात असतं, बोलताना फार कमी ऐकलंय मी. एनजीओच्या आसपास वावरणारे, मुंबईच्या वस्त्यांमधले लोक कोथी (बायकी वळणाचा), पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार), डबल डेकर (दोन्ही) हे शब्द वापरतात आणि त्यांचा अर्थ गे-टॉप-बॉटम (सेक्समध्ये टॉप म्हणजे करणारा, बॉटम म्हणजे करून घेणारा) यांच्याशी अगदी तंतोतंत जुळत नाही. गावाकडचा माणूस काहीच म्हणत नाही, शब्दच नाही त्याच्याकडे. बाहेर जोडीदाराची ओळख 'मित्र', 'रूममेट', 'आमच्या ऑफिसातला'. 'माझा प्रियकर' असं जिवंत माणसाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

आणि घरी सांगणं, कमिंग आउट. हा एक मोठा सीन लिहून सुटायचा विषय नाही. बहिणीला सांगितलं, ती रडली, मग महिनाभर नीट बोलली नाही, मग स्वतःहून एक दिवस त्याच्या आवडीची भाजी घेऊन आली. आईला सांगितलं, आई म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. इथे परत साल बघा: जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० लाच हा आजार नाही म्हणून यादीतून काढलं, आणि आपल्याकडे असे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलं, तरी आई डॉक्टरकडे नेतेच. बाबांना अजून सांगितलेलंच नाही. नवीन नोकरी लागली की परत पहिल्यापासून. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना असतो, तिथे पेन थांबतं, ते पण कमिंग आउटच.

५. बेड सीन लिहिणार असाल तर

दोघंही सज्ञान पाहिजेत, याच्यात कुठलीही पळवाट शोधू नका. शाळेतली पात्रं असतील तर तिकडे दार बंद.

टॉप आणि बॉटम ही बिछान्यातली आवड आहे, स्वभाव नाही. पैलवान बॉटम असतो, लाजरा टॉप असतो, खूप जण दोन्ही असतात आणि खूप जणांना तो प्रकारच आवडत नाही, त्यांचं बाकी सगळ्यात भागतं आणि ते काही कमी पडलेलं नसतं. फॅनडममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या जगात, कोण वर यावरून लोक महिनोन्‌महिने भांडतात. दोघांच्या मनाने काय ठरतं ते लिहा.

आधी बोलणं होतं, तयारी असते, हसू येतं, पायात गोळा येतो. लुब्रिकंट लागतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लेटेक्स कंडोमबरोबर वापरलं तर कंडोम फाटू शकतो, आणि ही चूक मी इतक्या फिक्समध्ये बघितलीय की आता बीटा करताना आधी तेच शोधतो, कारण पोरं फिक वाचून शिकतात, मी शिकलो होतो. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं लिहा. एक शब्द बदलायचाय फक्त.

एचआयव्ही आणायचा तर काळाप्रमाणे आणा. १९९६ च्या आधीची आणि नंतरची गोष्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण एकत्र द्यायची प्रभावी औषधं तेव्हापासून आली. आज औषधं नीट चालू असतील आणि विषाणू तपासणीत सापडत नसेल तर सेक्समधून लागण होत नाही. लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी आहे, प्रेप. धोका होऊन गेला असं वाटलं तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधं आहेत, पेप. त्यामुळे 'त्याला एड्स निघाला आणि तो खोकत खोकत गेला' हे २०२० च्या गोष्टीत लिहू नका. रोज रात्री दोघं एकाच वेळी आपापली गोळी घेतात आणि एक जण विसरला तर दुसरा आठवण करतो, यात सगळं येतं.

६. बायकांना नीट वागवा

शिपच्या, म्हणजे चाहत्यांनी मनाने जुळवलेल्या जोडीच्या, आड येते म्हणून मेरीला वाईट, कजाग किंवा मेलेली दाखवायची सवय फार जुनी आहे. आपल्याकडच्या गोष्टीत तर ती बहुतेक वेळा ठरवून केलेल्या लग्नातली बायको असते आणि तिला कोणी काही सांगितलेलं नसतं. तिची फसवणूक झालेली असते. तुमच्या हिरोने केलेली असते, दबावाखाली का होईना. ते त्याला आणि वाचकाला दोघांनाही झेपेल असं लिहिता आलं तर तुम्ही खरंच चांगलं लिहिताय. माझ्या एका फिकमध्ये मी बायकोला फक्त दोन ओळी दिल्या होत्या, एका वाचक ताईंनी विचारलं, हिच्या माहेरी काय सांगितलं तिने? मला माहीत नव्हतं. नंतर तिच्यावरच वेगळी फिक लिहिली.

७. दुःख किती घालायचं

खरं लिहायचं म्हणजे रडकं लिहायचं असा एक समज आहे. मारहाण, हाकलून देणं, आत्महत्या, झालं रिअॅलिस्टिक. हे होतं, मी नाही म्हणत नाही, माझ्या जवळच्यांचं झालंय. पण पार्टनरबरोबरची माझी स्वतःची मागची चार वर्षं म्हणजे भाजी कोणी आणायची, त्याचं घोरणं, गॅस संपणं, त्याच्या भाच्याच्या वाढदिवसाला मी केलेला केक, अशी गेलीयेत, ती पण खरीच आहेत ना. सुख लिहायला जास्त बारकाई लागते कारण तिथे उसनं वापरता येत नाही. वॉटसनला गोळी लागते त्या मूळ गोष्टीत होम्सचा मुखवटा क्षणभर गळून पडतो, एवढ्या एका क्षणावर लोक शंभर वर्षं जगलेत. तुमच्या गोष्टीत तेवढा एक क्षण असू दे, रोज गोळी लागायची गरज नाही.

आणि एखादं पात्र मारणारच असाल तर मरणाने गोष्टीत काय होतं हे स्वतःला विचारा. दोघं एकत्र आल्या आल्या एक मरतो हा प्रकार इतक्या वेळा झालाय की वाचक सुखाचा सीन आला की घाबरायला लागतात.

८. टॅग, रेटिंग आणि पोस्ट करताना होणाऱ्या चुका

- तिरपी रेघ म्हणजे प्रेम किंवा शरीरसंबंध, '&' म्हणजे मैत्री. मैत्रीची फिक रेघ मारून टाकलीत तर वाचक वैतागतात.
- रेटिंग प्रामाणिकपणे द्या. ठराविक चार इशारे आहेत: रक्तपाती हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीन. शेवट फुटेल म्हणून सांगायचं नसेल तर 'लेखकाने इशारे द्यायचे नाही असं ठरवलंय' हा पर्याय आहे, तो घ्या, पण 'काही लागू नाही' असं खोटं लिहू नका.
- होमोफोबिया, शिवीगाळ, घरचा छळ, आत्महत्येचे विचार हे वेगळे टॅग म्हणून टाका. ज्याच्या घरी हे रोज चाललंय तो फिक उघडतो ते सुटायला.
- एओथ्रीवर पैसे मागायचे नाहीत, यूपीआय किंवा देणगीची लिंक टाकली तर काम काढलं जाऊ शकतं.
- खऱ्या माणसांवर, म्हणजे नट, गायक, खेळाडू यांच्यावर लिहीत असाल तर ती काल्पनिक आहे हे वर लिहा, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कधीही टॅग करू नका, आणि 'हे दोघं खरंच आहेत' अशी चर्चा पसरवू नका. कोणाचं खासगी आयुष्य उघडं पाडणं म्हणजे काय ते आपल्यापैकी खूप जणांनी भोगलंय.

९. कोणाकडून वाचून घ्यायचं आणि कसं विचारायचं

ओळखीचा गे मित्र असेल तर लगेच सत्तर पानं पाठवून 'हे बरोबर आहे का बघ' म्हणू नका. आधी विचारा त्याला वेळ आणि इच्छा आहे का. नाही म्हणाला तर तिथेच थांबा. त्याच्या स्वतःच्या बेडरूमबद्दल विचारू नका, 'तुमच्यात बायको कोण' तर नकोच. नेमके प्रश्न विचारा: तुझा पार्टनर तुझ्या घरी जेवायला येतो तेव्हा कुठे बसतो? फोनमध्ये त्याचं नाव काय सेव्ह केलंय? ऑफिसात वीकेंडचं काय सांगतोस? अशा प्रश्नांची उत्तरं माणूस हसत हसत देतो आणि त्यातून तुम्हाला तीन सीन मिळतात. त्याने सांगितलेलं जसंच्या तसं वापरणार असाल तर परवानगी घ्या आणि ओळखू येणारे तपशील बदला, त्याच्या घरी माहीत नसू शकतं. आणि एकाने ठीक म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं नसतं. कोल्हापूरचा आणि बांद्र्याचा, पंचविशीतला आणि पन्नाशीतला, यांची आयुष्यं वेगळी आहेत.

पोस्ट केल्यावर कोणी चूक दाखवली तर त्या दिवशी उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या. चूक पटली तर दुरुस्त करा, पोस्ट केलेली फिक नंतरही बदलता येते, आणि वरच्या टिपेत काय बदललं ते एका ओळीत लिहा. जुन्या फिकची लाज वाटायला लागली तर एकदम डिलीट करू नका, कोणीतरी ती बुकमार्क करून ठेवलेली असते. 'ऑर्फन' नावाचा पर्याय आहे, त्याने तुमचं नाव निघतं आणि गोष्ट राहते. माझी ती पहिली फिक मी माझ्या नावानेच ठेवलीय, त्या वाचकाच्या कमेंटखाली मी आठ महिन्यांनी उत्तर दिलं होतं, ते पण तिथेच आहे, आणि हल्ली माझ्या नवीन फिक्सचा पहिला मसुदा मी त्यालाच पाठवतो.